क्योतो-नारा : फक्त देवळं आणि खाणं, पाच रात्रींचा बेत – सल्ला हवा

केतकीचं_बन

मंडळी, डिसेंबरच्या सुरुवातीला आईला घेऊन जपानला जायचं जवळपास ठरलंय. माहिती काढायला लागल्यापासून सगळे तोक्यो-फुजी-हिरोशिमा असे दोन-दोन आठवड्यांचे बेत पाठवतात. माझ्याकडे मुक्कामाच्या पाचच रात्री आहेत आणि रोज बॅगा भरून नवं हॉटेल गाठायची आमची इच्छा नाही. आम्हाला देवळं बघायची आहेत, शांतपणे, आणि तिथलं खाणं खायचं आहे. एवढंच.

आईचं वय एकोणसत्तर. सपाटीवर ती माझ्यापेक्षा जास्त चालते, पण जिने उतरताना गुडघे बोलतात. अंडं खाते, मांस-मासे नाही. मी सगळं खाते.

माझी आत्ताची यादी : कियोमिझुदेरा, किन्काकुजी, गिन्काकुजी, फुशिमी इनारी, र्‍योआन्जी, तेन्र्‍यूजी आणि बांबूचं बन, नान्झेन्जी, तोजी, सान्जूसान्गेन्दो, नाऱ्याचं तोदाइजी, कासुगा ताइशा, ओसाकाचं शितेन्नोजी. शिवाय खाण्यासाठी निशिकी बाजार आणि ओसाकाचं दोतोन्बोरी.

प्रश्न असे : एकट्या क्योतोत राहून हे जमेल का? आईच्या जेवणाचं काय? आणि यादीतलं काय गाळू?

---

कन्साईवासी

मी इथेच, ओसाकाजवळ राहतो. पाचही रात्री क्योतोतच राहा, शक्यतो स्टेशनच्या पायी टप्प्यात किंवा शिजो-कारासुमा भागात. नारा आणि ओसाका दोन्ही तासाभराच्या आत आहेत, त्यासाठी हॉटेल बदलायची काही गरज नाही.

यादी मात्र निम्मी करा. इथे येणाऱ्या पाहुण्यांच्या हे लक्षातच येत नाही की बहुतेक देवळं चार-पाचला बंद होतात, आणि डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या सुमाराला मावळतो. सान्जूसान्गेन्दो तर हिवाळ्यात नऊला उघडून चारला बंद. म्हणजे हातात सकाळ आणि दुपारचा तुकडा. त्यात चार-चार देवळं कोंबली तर दिवस बसमध्ये जातो, आणि संध्याकाळी कुठलं देऊळ कुठलं होतं ते आठवत नाही.

मी पाहुण्यांना सांगतो ते असं : सकाळी लवकर एक मोठं देऊळ, मग निवांत जेवण, दुपारी एक छोटं किंवा जवळचं देऊळ, अंधार पडल्यावर बाजार आणि खाणं. दिवसाचं मुख्य जेवण दुपारी ठेवा. जी उपाहारगृहं रात्री दहा-बारा हजार येन घेतात, तीच दुपारी तीन-चार हजारांत जेवू घालतात. (१०० येन म्हणजे साधारण ५५-६० रुपये धरा.)

कियोमिझुदेरा सकाळी सहाला उघडतं. फुशिमी इनारी चोवीस तास उघडं असतं आणि तिथे प्रवेशशुल्कही नाही. ही दोन्ही ठिकाणं सकाळी नऊनंतर बघूच नका. साडेसहाला कियोमिझुदेराच्या त्या लाकडी सज्जावर उभं राहून खालची दरी बघणं आणि अकरा वाजता तिथेच गर्दीत उभं राहणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

---

उंडगा

विमानाबद्दल थोडं. मुंबईहून ओसाकाला थेट विमान नाही. बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे कन्साई विमानतळावर उतरा. तोक्योला उतरून बुलेट ट्रेनने क्योतो गाठायचं म्हणजे सव्वादोन तास आणि माणशी चौदा हजार येनच्या आसपास, तेही एका बाजूचे. एवढ्या छोट्या सहलीत ते परवडत नाही. कन्साईहून हारुका नावाची गाडी सव्वा ते दीड तासात थेट क्योतो स्टेशनात आणते.

कोणी जेआर पास (जपान रेल्वेवर ठरावीक दिवस फिरायचा पास) घ्या म्हणालं तर घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्येच सात दिवसांचा पास ५०,००० येनवर गेला. तुमच्या बेतात त्याच्या निम्मेही वसूल होणार नाहीत. इकोका हे आधी पैसे भरून वापरायचं कार्ड घ्या, त्यावर रेल्वे, मेट्रो, बस, कोपऱ्यावरचं दुकान, सगळं चालतं. क्योतोत बसचा दिवसभराचा स्वतंत्र पास आता बंद झालाय. बस आणि मेट्रो मिळून ११०० येनचा आहे, पण एकेका फेरीचे २३० येन पाहता तुमच्या दोन देवळांच्या दिवसात तोही लागणार नाही.

व्हिसा : भारतातून पर्यटनासाठी आता ई-व्हिसा मिळतो, एकदाच प्रवेशाचा. तिथे उतरल्यावर तो फोनवर इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट चालत नाही. त्यामुळे विमानतळावर नेट चालेल याची सोय इथूनच करून जा.

---

वरणभात_लिंबू

ताई, आईच्या जेवणाबद्दल सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः शाकाहारी आहे आणि या विषयावर अर्धवट माहितीच फार फिरते.

जपानमध्ये अडचण मांसाची नसते, ते ताटात दिसतं. अडचण दाशीची असते. दाशी म्हणजे तिथल्या स्वयंपाकाचं मूळ पाणी. ते बहुतेकदा कात्सुओबुशीचं, म्हणजे वाळवून-धुरवून किसलेल्या बोनितो माशाचं असतं. मिसो सूपमध्ये ते असतं, उदोनच्या रश्श्यात असतं, शिजवलेल्या भोपळ्यात असतं, अंड्याच्या गोडसर गुंडाळीत असतं, तेम्पुराबरोबरच्या वाटीतल्या पाण्यातही असतं. त्यामुळे नुसतं 'शाकाहारी' म्हटलं की समोरचा माणूस प्रामाणिकपणे भाज्यांचंच ताट आणून देतो आणि त्यात दाशी असते. त्याच्या लेखी तो मासा नाही.

म्हणून नेमकं विचारायचं : 'कात्सुओदाशि वा हाइत्ते इमासु का?' – बोनितोची दाशी आहे का यात? आणि 'निकु मो साकाना मो ताबेमासेन' – मांसही नाही, मासेही नाही. बोलण्यापेक्षा हे जपानी लिपीत छापलेलं कार्ड जवळ ठेवा आणि बसण्याआधी दाखवा. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. जे जमत नाही ते ते सरळ सांगतात, तोच त्यांचा आदर असतो.

आता चांगली बाजू. क्योतो हे जपानमधलं शाकाहारी माणसासाठी सर्वांत सोयीचं जुनं शहर आहे, आणि त्याचं कारण ही देवळंच. झेन मठांत शोजिन र्‍योरी नावाचा स्वयंपाक शेकडो वर्षं चालत आलाय. मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. दाशी कोम्बू या समुद्री पानाची आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची. आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या आजीलाही हे ताट चाललं असतं. तेन्र्‍यूजीच्या आवारात शिगेत्सु म्हणून मठाचंच भोजनगृह आहे. दाइतोकुजीच्या आवारात इझुसेन आहे, तिथे लाल लाखेच्या, एकात एक बसणाऱ्या वाडग्यांतून एकेक पदार्थ येतो. दोन्हीकडे आधी आरक्षण करा.

तिळाचं तोफू (गोमादोफू) आईंना नक्की द्या. त्यात सोयाबीन नसतंच, तीळ वाटून कुझू या वेलीच्या मुळाच्या सत्त्वात शिजवतात. जिभेवर ठेवलं की विरघळतं. युबा म्हणजे सोयाच्या दुधावर धरलेली साय, ही क्योतोची खासियत. नामाफु म्हणजे गव्हाच्या चिकापासून केलेलं, भाजून वर गोडसर मिसो लावून देतात. वांग्यावरही तसाच मिसो लावतात, नासु देन्गाकु.

नान्झेन्जीच्या बाहेर युदोफूची जुनी घरं आहेत. मातीच्या भांड्यात कोम्बूच्या पाण्यात तोफू उकळत समोर ठेवतात. डिसेंबरच्या थंडीत याहून चांगलं जेवण नाही. पण बुडवायच्या सोया सॉसमध्ये पुष्कळदा बोनितो असतो, तेवढा साधा सोया सॉस मागून घ्यायचा.

---

केतकीचं_बन

वरणभात_लिंबू, किती नेमकं लिहिलंत! वाचनखूण साठवली आहे, आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणते, भाजी बिनकांद्याची मिळणार असेल तर ती कार्तिकानंतरही चालेल :)

कन्साईवासी, सकाळी लवकरचं पटलं. आई तशीही पाचला उठते, आणि तिकडे आपल्या वेळेपेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने पहिले दोन दिवस तिला थोडं जड जाईल. त्यामुळे पहिली सकाळ जरा सैल ठेवते. पण निम्मी यादी म्हणजे काय काय गाळायचं? किन्काकुजी गाळलं तर सगळे विचारतील.

---

मूर्तिवेडा

किन्काकुजी मी गाळेन. देखणं आहे, शंका नाही, पण तुम्ही ते तळ्यापलीकडून बघता, आत जाता येत नाही, आणि आजची इमारत १९५५ ची आहे. जुनी १९५० मध्ये जाळली गेली. स्टेशनपासून दूर, बसला गर्दी. त्या अर्ध्या दिवसात तोजी आणि सान्जूसान्गेन्दो दोन्ही होतात. मराठी माणसाने क्योतोत जाऊन ही दोन बघितली नाहीत तर मला खरंच हळहळ वाटेल.

तोजी स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवर. स्थापना ७९६ ची. ८२३ मध्ये सम्राटाने ते कूकाई या आचार्यांच्या हाती दिलं, ज्यांनी चीनमधून मंत्रयान जपानमध्ये आणलं. पाच मजली पगोडा जवळपास ५५ मीटर उंच, जपानमधला सर्वांत उंच लाकडी मनोरा. चार वेळा जळून गेल्यावर १६४४ मध्ये उभा राहिलेला हा पाचवा. पण खरी गोष्ट व्याख्यानगृहात आहे. अंधाऱ्या दालनात २१ मूर्तींचं मंडल मांडलंय. मध्ये वैरोचन, भोवती बुद्ध, बोधिसत्त्व, उग्र विद्याराज, आणि दोन टोकांना दोघं पाहुणे : हत्तीवर बसलेला इंद्र आणि हंसांवर बसलेला चतुर्मुख ब्रह्मा. इंद्राच्या कपाळावर तिसरा डोळा आहे आणि तो इतका देखणा आहे की लोक खास त्याच्यासाठी येतात. आपल्याकडे इंद्राची पूजा जवळपास उरली नाही. तिथे हा बाराशे वर्षांपूर्वीचा इंद्र अजून त्याच्या जागी बसलाय आणि त्याच्यासमोर लोक हात जोडतात.

सान्जूसान्गेन्दोत १२० मीटर लांब एकच लाकडी दालन. त्यात सहस्रभुज अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती, मधली मोठी, बसलेली, दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे उभ्या. मूळ देऊळ ११६४ चं, आगीनंतर १२६६ मध्ये पुन्हा बांधलेलं. लोक त्या हजारांकडे बघत पुढे सरकतात, पण पुढच्या रांगेत २८ रक्षक देवता आणि वायू व मेघगर्जनेचे देव आहेत, त्यांच्याकडे सावकाश बघा. बासरी वाजवणारा, चोच असलेला गरुड आहे. ब्रह्मा-इंद्र इथेही आहेत. हाडांची काडी झालेला एक वृद्ध ऋषीही आहे, त्याच्या गळ्याच्या शिरा मोजून घ्या. आत फोटो काढता येत नाहीत, ते बरंच आहे. इथे जिने नाहीत, सगळं सपाट, आईंना त्रास नाही. बूट मात्र काढावे लागतात आणि डिसेंबरात फरशी बर्फासारखी असते. जाड मोजे हवेतच.

---

भटकी_मनी

मला मूर्तिवेडांशी थोडं भांडायचंय. पहिल्यांदा जाणाऱ्याला किन्काकुजी नको म्हणणं ठीक, पण ओसाका नको असं कोणी म्हणू नका. खाणं म्हटलं की ओसाका! दोतोन्बोरीला उभ्याने खाल्लेले ताकोयाकी, तव्यावरचं ओकोनोमियाकी, शिन्सेकाइतले कुशिकात्सु... क्योतोचं जेवण सुंदर आहे पण ते हळू बोलतं. ओसाकात पोट भरतं आणि मनही.

---

कन्साईवासी

मनी, ओसाकाजवळ राहणाऱ्याला हे ऐकून बरंच वाटणार! पण त्यांच्या आईंचा विचार कर. ताकोयाकी म्हणजे ऑक्टोपस. ओकोनोमियाकीच्या पिठातच दाशी असते आणि वरून बोनितोच्या चकत्या भुरभुरतात. कुशिकात्सुत भाज्यांच्या काड्या मिळतात, पण तेल सगळ्यांचं एकच. आईंना संध्याकाळभर नुसतं बघत बसावं लागेल.

ताई, तुम्हाला स्वतःला खायचं असेल तर एक दिवस आईंना दुपारी पोटभर जेवू घालून संध्याकाळी दोघी ओसाकाला या. दोतोन्बोरीच्या गजबजाटातून दोन पावलं आत गेलं की होझेन्जी नावाचं चिमुकलं देऊळ आहे. तिथल्या अचलनाथाच्या मूर्तीवर लोक पिढ्यान्‌पिढ्या पाणी घालत आलेत, त्यामुळे ती डोक्यापासून पायापर्यंत हिरव्या शेवाळाने मढलीय. पळीने पाणी घालून नमस्कार करायचा. आईंना ते फार आवडेल, आणि रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. मग तुमचे ताकोयाकी.

शितेन्नोजी ५९३ चं, राजपुत्र शोतोकुने उभारलेलं, पण आजच्या मुख्य इमारती युद्धानंतरच्या काँक्रीटच्या आहेत. या खेपेला सोडा.

---

शेवग्याची_शेंग

कोणी कोयासान कसं सुचवलं नाही? कूकाईंनी ८१६ मध्ये डोंगरावर वसवलेलं मठांचं गाव. पन्नासएक मठांत राहायची सोय आहे, रात्री-सकाळी शोजिन र्‍योरी खोलीत आणून देतात, पहाटेच्या प्रार्थनेला बसता येतं. ओकुनोइनच्या दोन किलोमीटरच्या वाटेवर सुरूच्या जातीच्या शेकडो वर्षांच्या झाडांखाली दोन लाखांवर समाध्या. लाकडी फळ्यांवर आणि दगडांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं. देवळं आणि खाणं हाच विषय असेल तर एक रात्र तिथे काढायलाच हवी.

---

कन्साईवासी

शेंगताई, ठिकाणाबद्दल शब्दाला शब्द पटतो. पण क्योतोहून तीन तास जायला, तीन यायला. डिसेंबरात वर रात्री शून्याखाली जातं. मठाच्या खोल्या लाकडी-कागदी, न्हाणीघर बाहेर. गादी जमिनीवर, म्हणजे गुडघेदुखीला रोज जमिनीवरून उठणं आलं. पाच रात्रींतल्या एका रात्रीसाठी दीड दिवस जातो. एप्रिल-मेमध्ये वेगळी सहल करा आणि दोन रात्री तिथेच राहा.

---

शेवग्याची_शेंग

जमिनीवरून उठण्याचा मुद्दा खरा आहे, तो मी विचारात घेतला नव्हता. काही मठांत आता पलंगही मिळतात, पण अंतराचं म्हणणं मान्य.

---

मूर्तिवेडा

नाऱ्याला पूर्ण दिवस द्या, हे सांगायचं राहिलं होतं. तोदाइजीचा महाबुद्ध १५ मीटर उंच, ब्राँझचा. ७५२ मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा विधी झाला तेव्हा हातात कुंचला धरणारा भिक्षू भारतातला होता, बोधिसेन. तो ७३६ मध्ये जपानला पोहोचला होता. त्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे रेखण्याचं पुण्य सगळ्यांच्या हाताला. मी त्या मूर्तीसमोर उभा राहिलो की आधी त्या दोऱ्या डोळ्यासमोर येतात.

आजचं दालन १७०९ चं, मूळच्यापेक्षा अरुंद, तरी ५७ मीटर रुंद. ते बघून झालं की लोक हरणांकडे वळतात. तुम्ही उजवीकडच्या चढाने तोदाइजीच्याच निगात्सुदो दालनाला जा. पायऱ्या आहेत, पण सावकाश जमतील. तिथल्या सज्जावरून सगळं नारा दिसतं, पैसे नाहीत, बंद होण्याची वेळ नाही.

---

वरणभात_लिंबू

नाऱ्यात आईंसाठी चागायु बघा. होजिचामध्ये, म्हणजे भाजलेल्या चहाच्या पाण्यात, शिजवलेली भाताची पातळ पेज, बरोबर लोणची. सकाळी काही जुन्या हॉटेलांत आणि दुपारी मोजक्या ठिकाणी मिळते. लोणच्यांत क्वचित बोनितो असतो, विचारून घ्या. तुमच्यासाठी काकीनोहा-झुशी, पर्सिमनच्या पानात गुंडाळलेली खारवलेल्या माशाची सुशी.

आणि जाताना उजीला उतरा, क्योतो-नारा जेआर मार्गावरच आहे, जलद गाडीही थांबते. तिथल्या ब्योदोइन देवळाचं फिनिक्स दालन १०५३ चं, खिशातल्या दहा येनच्या नाण्यावर तेच आहे. पुलाच्या तोंडाशी ११६० पासून चालत आलेलं चहाचं दुकान आहे, त्सुएन. तिथे बसून माच्चा प्यायचा. उजीचा माच्चा ही काही विमानतळावरच्या चॉकलेटातली हिरवी पूड नव्हे. पहिला घोट कडू लागतो, म्हणून आधी गोड खातात, मग चहा. आईंना सांगून ठेवा.

---

साखरफुटाणा

उशिरा आलो पण एक मोठी गोष्ट राहिलीय : गणपती!

जपानमध्ये गणपतीला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात. नारा आणि ओसाकाच्या मध्ये इकोमा डोंगरावर होझानजी आहे, १६७८ चं, कन्साईतल्या व्यापाऱ्यांचं मोठं श्रद्धास्थान. किन्तेत्सु रेल्वेने इकोमाला उतरायचं, तिथून केबल कार. ही जपानमधली सर्वांत जुनी केबल कार, १९१८ पासूनची, आणि डबे कुत्र्या-मांजराच्या आकाराचे आहेत. वर दगडी कंदिलांमधून पायऱ्या चढाव्या लागतात, बऱ्याच आहेत, गुडघ्यांचं बघून ठरवा. मूर्ती बघायला मिळत नाही, ती कायम बंद पेटीत असते, पुजाऱ्यांनाच दर्शन. पण देवाच्या खुणा सगळीकडे : दोन फाटे फुटलेला मुळा आणि नाडीची थैली.

आणि आता खाण्याचं. क्योतोत गिओनजवळ कामेया कियोनागा हे मिठाईचं दुकान आहे, १६१७ पासूनचं. तिथे 'सेइजो कान्किदान' मिळतं. तांग काळात चीनमार्गे आलेला, मूळ भारतीय नैवेद्याचा पदार्थ, कांगितेनाला आणि इतर देवांना वाहायचा. पिठाची पारी, आत अझुकी डाळीचं गोड पुरण, त्यात सात सुगंधी द्रव्यं, वर चुण्या घालून तोंड बांधलेलं, तिळाच्या तेलात तळलेलं. म्हणजे मोदकच! तोडताना कडक, दाताने नाही, हाताने फोडायचा. चव धूप लावलेल्या देवघरासारखी. मी घरी आणले तेव्हा माझ्या आजीने आधी देवापुढे ठेवले, मगच चाखले.

---

केतकीचं_बन

साखरफुटाणा, आईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, 'बाकीचं काही झालं नाही तरी चालेल, हे आणायचंच.' होझानजीच्या पायऱ्या तिला नको म्हणाले तर तीच मला रागावली. म्हणे, कार्ल्याची एकवीरा चढते ना मी? तिथे बसत बसत चढते, इथेही चढेन.

तारखा अजून दोन-चार दिवस मागेपुढे होऊ शकतात. काही खास दिवस आहे का?

---

कन्साईवासी

आहे, आणि तुमच्या विषयाला नेमका लागू. ८ डिसेंबर हा जपानमध्ये बुद्धाच्या ज्ञानप्राप्तीचा दिवस. क्योतोच्या वायव्य भागात सेन्बोन शाकादो म्हणजे दाइहोओन्जी नावाचं देऊळ आहे, तिथे ७ आणि ८ तारखेला दाइकोदाकी असते. मोठ्या कढयांत जाड मुळ्याचे तुकडे आणि तळलेलं तोफू शिजवून भक्तांना वाफाळतं वाटतात. ते खाल्लं की वर्षभर आजार येत नाही अशी श्रद्धा. पैसे भरून चिठ्ठी घ्यायची, रांगेत उभं राहायचं, बाहेर बाकांवर बसून खायचं. म्हाताऱ्या आज्या, शाळेची मुलं, ऑफिसला निघालेले लोक, सगळे एका रांगेत. रश्श्यात काय आहे ते विचारून मगच आईंना द्या. मुख्य दालन १२२७ चं, जुन्या शहराच्या भागात टिकलेलं सर्वांत जुनं. आगी आणि युद्धांतून वाचलेलं.

दुसरा पर्याय २१ तारीख. तोजीत दर महिन्याच्या २१ ला कोबो-सान बाजार भरतो, आणि डिसेंबरातला वर्षाचा शेवटचा म्हणून सर्वांत मोठा. पण नाताळाच्या जवळ विमानं महागतात. मी तुमच्या जागी ७-८ गाठेन. त्यात शेवटची लाल पानंही काही बागांत उरलेली असतात आणि नोव्हेंबरची गर्दी ओसरलेली असते.

---

उंडगा

हे माहीत नव्हतं, भारी! एक छोटी भर : लहान देवळांत आणि अशा वाटपांत रोख पैसेच लागतात. हजाराच्या नोटा आणि सुटी नाणी जवळ ठेवा. गोशुइन घ्यायचं असेल तर, म्हणजे देवळाचा शिक्का आणि हाताने लिहिलेली अक्षरं, ३०० ते ५०० येन. त्याची घडीची वही पहिल्याच देवळात घ्या.

---

केतकीचं_बन

हा घ्या पक्का होत आलेला बेत. ६ ला दुपारी कन्साई, संध्याकाळी क्योतो.

६ : काहीच नाही. स्टेशनावरच्या इसेतान या मोठ्या दुकानाच्या तळघरात खाण्याचे गाळे बघणं आणि झोप.
७ : सकाळी निवांत उठून तोजी, मग सान्जूसान्गेन्दो. दुपारी उशिरा निशिकी बाजार, लोणची आणि युबा.
८ : सेन्बोन शाकादोला मुळा, तिथून दाइतोकुजी आणि इझुसेनला जेवण. संध्याकाळी गिओन, कान्किदान.
९ : उजी, मग नारा, निगात्सुदोवर सूर्यास्त.
१० : पहाटे कियोमिझुदेरा, नान्झेन्जीला युदोफू, संध्याकाळी ओसाका आणि होझेन्जी.
११ : पहाटे फुशिमी इनारी, रात्रीचं विमान.

होझानजी बसत नाहीये. आई सोडायला तयार नाही. काय करू?

---

साखरफुटाणा

१० ला संध्याकाळचं ओसाका सोडलं तर?

---

कन्साईवासी

ओसाका सोडायची गरज नाही. १० ला युदोफूचं जेवण साडेअकराला घ्या, बारा-सव्वाबाराला उठा. क्योतोहून किन्तेत्सुने यामातो-साइदाइजीला गाडी बदलून इकोमा, दीडच्या आसपास पोहोचाल. केबल कारने वर, दोन तास सावकाश. उतरून तीच किन्तेत्सु पुढे थेट ओसाका नाम्बाला जाते, वीसेक मिनिटांत, आणि नाम्बाहून होझेन्जी पायी. सगळं एकाच रेषेत येतं.

कियोमिझुदेराला मात्र त्या दिवशी टॅक्सीने गोजोझाकाचा चढ चढून जा, म्हणजे आईंचे गुडघे इकोमाच्या पायऱ्यांसाठी राखले जातील. फुशिमी इनारीला कमानींच्या पहिल्या टप्प्यानंतर ओकुशाच्या देवळापासून परत फिरा, खऱ्या पायऱ्या त्यापुढे सुरू होतात. आणि ८ ला क्रम तोच ठेवा : दाइकोदाकी सकाळी दहाला सुरू होते असं धरून तिथे आधी जा, इझुसेनचं आरक्षण साडेबाराचं घ्या. कामेया कियोनागाचा सुट्टीचा वार निघण्याआधी एकदा बघून घ्या.

---

वरणभात_लिंबू

आणि ११ ला विमानतळावर जाण्याआधी आईंसाठी स्टेशनातून इनारीझुशी घेऊ नका, त्यातलं तोफूही पुष्कळदा दाशीत शिजवलेलं असतं. भाजलेलं रताळं, केळी, एदामामे, लाल अझुकीचा भात, हे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. भाताच्या पाकिटावरचे घटक फोनने वाचून घ्या. घरून मेतकूट आणि चटणीची पुडी न्या. फळं किंवा ताज्या भाज्या नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

---

केतकीचं_बन

सगळं लिहून घेतलं. आज इझुसेनला मेल करते, उत्तर आलं की इथेच कळवते. कार्डावरची वाक्यं जपानी लिपीत कोणी टंकून देईल का? छापून दोन प्रती करते, एक आईच्या पर्समध्ये.

---

कन्साईवासी

रात्री व्यक्तिगत निरोप पाठवतो. दाशीचं वाक्य सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत घालतो.